लिऑनला वेळ नाही

बाल्टिक समुद्राचा किनारा, भर उन्हाळा. माणसं पोहण्याच्या कपड्यांत वाळूवर पसरली आहेत आणि त्यांच्यात एक जाडसर तरुण अंगभर काळे कपडे घालून पडला आहे. पाण्यात चल म्हटलं की त्याला काम असतं. कामासाठी म्हणून तो एकटा घरी राहतो, चार ओळी खरडतो, मग भिंतीवर चेंडू आपटत बसतो, मग डुलकी काढतो. मंडळी परतल्याची चाहूल लागली की पुन्हा कागद पुढे ओढतो. हा लिऑन. क्रिस्टियान पेट्झोल्ड या जर्मन दिग्दर्शकाच्या 'रोटर हिमेल' या चित्रपटाचा नायक. 'रोटर हिमेल' म्हणजे तांबडं आभाळ. इंग्रजीत हा चित्रपट 'अफायर' नावाने दाखवला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक, म्हणजे 'ग्रँड ज्युरी'चं रौप्य अस्वल मिळालं.

लेखकावर काढलेले चित्रपट बहुधा फसतात. लिहिणं ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाही. मग दिग्दर्शक टाइपरायटरचा खडखडाट ऐकवतो, चुरगळलेल्या कागदांचे बोळे दाखवतो, खिडकीबाहेर पाऊस पाडतो आणि शेवटी पुस्तकाच्या प्रकाशनाला टाळ्या वाजवतो. पेट्झोल्डने या अडचणीतून वेगळीच वाट काढली. त्याचा लेखक लिहीतच नाही. आणि न लिहिणं मात्र पडद्यावर भरपूर दिसतं. चिडचिड दिसते, टाळाटाळ दिसते, कुणी सहज काही विचारलं तर खेकसणं दिसतं. दिवाळी अंकाचं लिखाण चाललंय असं सांगून घरच्या कामांतून, पाहुण्यांतून आणि लग्नकार्यांतून अंग काढून घेणारे लेखक आपल्याकडेही थोडेथोडके नाहीत, त्यामुळे मराठी वाचकाला लिऑनची ओळख करून द्यायला फार प्रयास पडू नयेत.

गोष्ट म्हटली तर एवढीशी. लिऑन आणि त्याचा मित्र फेलिक्स उत्तर जर्मनीत, आरेन्सहोप गावाजवळच्या जंगलातल्या एका घरात उन्हाळ्याचे काही दिवस काढायला निघतात. घर फेलिक्सच्या आईचं. लिऑनला दुसरी कादंबरी पुरी करायची आहे, फेलिक्सला कलाशाळेच्या प्रवेशासाठी 'पाणी' या विषयावर छायाचित्रांचा संच करायचा आहे. वाटेतच मोटार बंद पडते. घरी पोचतात तर तिथे आधीच कुणीतरी राहतंय. फेलिक्सच्या आईने एका ओळखीच्या मुलीला, नाद्याला, घर वापरायला दिलं आहे आणि या दोघांना ते सांगायचं राहून गेलं आहे. दोघांना एका खोलीत झोपावं लागतं. पलीकडच्या खोलीत नाद्याचा मित्र येतो, भिंत पातळ, आणि रात्रभर जे ऐकू येतं त्याने लिऑनची झोप उडते. तो अंथरूण उचलून बाहेर मांडवाखाली झोपायला जातो. तिथे डास. रात्री येणारा तो मित्र म्हणजे डेविड, किनाऱ्यावरचा जीवरक्षक. तो घरातल्यांत मिसळून जातो, पुढे फेलिक्सच्या प्रेमात पडतो. मग लिऑनचा प्रकाशक हेल्मुट हस्तलिखित घेऊन चर्चेला येतो. आणि दूर कुठेतरी जंगलाला आग लागलेली आहे.

आरेन्सहोप हे ठिकाण पेट्झोल्डने उगाच निवडलेलं नसावं. एका अरुंद द्वीपकल्पावरचं हे कोळ्यांचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रकारांची वसाहत बनलं. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे लेखक-कलावंत सुट्टीला जात. कवी आणि पुढे सांस्कृतिक मंत्री झालेल्या योहानेस आर. बेखरचं उन्हाळी घर तिथेच होतं. म्हणजे लिऑन जिथे लिहायला बसतो तिथे त्याच्या आधी कितीतरी जणांनी कामं उरकलेली आहेत. पेट्झोल्डचा जन्म १९६० सालचा, पश्चिम जर्मनीतल्या हिल्डेन गावचा. पण त्याचे आईवडील पूर्व जर्मनीतून पळून आलेले. त्या हरवलेल्या पूर्वेकडे तो पुन्हा पुन्हा जातो. 'बार्बारा' (२०१२) तर पूर्ण तिथेच घडतो, आणि तोही बाल्टिकच्या जवळपास.

लिऑनचं काम थॉमस शूबर्ट या ऑस्ट्रियन नटाने केलं आहे. 'आटमेन' या २०११ च्या चित्रपटात विशीच्या आतच त्याने शवागारात काम करणाऱ्या बालगुन्हेगाराची भूमिका केली होती. बोलण्यापेक्षा अंगाने जास्त सांगणारा नट आहे हा. खुर्चीत बसताना तो खांदे आत ओढून घेतो. कुणी हसलं की आपल्यालाच हसलं असं धरून चालतो. जेवणाच्या टेबलावर डेविड एक मजेदार किस्सा रंगवून सांगतो, सगळे हसतात, आणि लिऑनच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यात हेवा, तुच्छता आणि 'हे मला का नाही जमत' हे तिन्ही एकाच वेळी असतं. हा तुसडेपणा लाजाळूपणातून आलेला नाही, हे महत्त्वाचं. लाजाळू माणूस स्वतःला कमी लेखतो. लिऑन इतरांना कमी लेखतो आणि आपल्याला कुणी पकडेल म्हणून धास्तावलेला असतो. त्याच्या कादंबरीचं नाव 'क्लब सँडविच'. हेल्मुट त्यातले उतारे मोठ्याने वाचू लागतो तेव्हा ऐकणाऱ्याला कसंनुसं होतं. लिऑनलाही होतं, कारण ती वाईट आहे हे त्याला आतून ठाऊक आहे.

इथे पेट्झोल्डने स्वतःलाही सोडलेलं नाही. त्याचा सुरुवातीचा, १९९६ चा एक चित्रपट 'क्युबा लिब्रे'. पहिल्या कामानंतर आता आपण दिग्दर्शक झालो या भानातच तो केला गेला, दिग्दर्शकाने जसं असावं तसं वागण्यात शक्ती गेली, असं त्याने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे. एका पेयाच्या नावाची जागा एका खाण्याच्या पदार्थाने घेतली आणि लिऑनची दुसरी कादंबरी तयार झाली. पहिलं पुस्तक माणूस लिहितो, दुसरं 'लेखक' लिहायला बसतो. लिऑनचं सगळं दुखणं त्यात आहे.

आता हा चित्रपट बांधला कसा आहे ते जरा थांबून बघू, कारण त्याची खरी गंमत तिथे आहे.

अवघडलेल्या माणसावर विनोदी चित्रपट काढायचा तर सोपा मार्ग असा की कॅमेरा बाहेर ठेवायचा आणि त्याची फजिती आपण बघायची. पेट्झोल्ड आणि त्याचा नेहमीचा छायालेखक हान्स फ्रोम कॅमेरा लिऑनपाशी ठेवतात. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं, त्याला जे ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येतं. नाद्या आपल्याला भेटते ती आधी खुणांतून: न धुतलेली भांडी, अर्धवट प्यालेले ग्लास, इकडेतिकडे पडलेले कपडे. मग भिंतीपलीकडचा आवाज. मग सकाळी खिडकीतून, लाल पोशाखात सायकलवरून दूर जाताना. चेहरा नीट दिसेपर्यंत लिऑनने तिच्याबद्दल मत बनवून टाकलेलं असतं, आणि प्रेक्षक प्रामाणिक असेल तर त्यानेही. ती किनाऱ्यावर आइस्क्रीम विकते हे कळल्यावर लिऑन तिचा हिशेब पूर्ण करतो: हंगामी कामगार, हसरी, सुंदर, आपल्या दर्जाची नाही. तरी तो तिच्या प्रेमात पडतो. आणि हस्तलिखित तिने वाचायला मागितल्यावर आधी आढेवेढे घेतो, मग देतो, ती वाचत असताना तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेत राहतो. ती सरळ सांगते की हे फालतू आहे आणि तुलाही ते माहीत आहे. लिऑन मनातल्या मनात तिच्या मताची किंमत पुसून टाकतो. आइस्क्रीमवाली काय सांगणार?

मग हेल्मुट येतो. जेवताना गप्पांच्या ओघात तो नाद्याला दोन प्रश्न विचारतो आणि उलगडतं की ती साहित्याची अभ्यासक आहे, डॉक्टरेटचं संशोधन करते आहे. लिऑन दुखावून विचारतो, हे मला का नाही सांगितलंस? तू विचारलंच नाहीस, हे तिचं उत्तर. माझ्या मते चित्रपटाचा कणा हाच. तोपर्यंत तासाभराहून अधिक वेळ आपण लिऑनच्या डोळ्यांनी तिच्याकडे टक लावून बघत होतो, आणि एवढं बघूनही साधी विचारपूस झालेली नव्हती. टक लावणं आणि दिसणं यांच्यातलं अंतर पेट्झोल्ड उपदेशाचा एक शब्द न उच्चारता दाखवतो. आपल्याला त्या चुकीत भागीदार करून घेतो, ही त्याची करामत.

त्याच टेबलावर नाद्या हाइनेची कविता म्हणते. हाइनरिश हाइने हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन-ज्यू कवी. 'डेर आस्रा' ही त्याची कविता 'रोमान्त्सेरो' या १८५१ च्या संग्रहात आहे. सुलतानाची मुलगी रोज संध्याकाळी कारंज्यापाशी येते, तिथे एक तरुण गुलाम उभा असतो आणि दिवसेंदिवस फिकट होत जातो. ती एकदा त्याचं नाव-गाव विचारते. तो येमेनचा आहे, आणि ज्या जमातीत माणसं प्रेमात पडली की जगत नाहीत त्या जमातीतला आहे. राजकन्या निदान विचारते तरी. लिऑनने तेवढंही केलेलं नाही. नाद्या कविता म्हणते, हेल्मुट भारावतो, तिला पुन्हा म्हणायला लावतो, आणि ती पुन्हा म्हणते. एकच कविता सलग दोनदा ऐकवण्याचं धाडस फारच थोडे दिग्दर्शक करतील. पहिल्या वेळी आपण ती कळावी म्हणून ऐकतो. दुसऱ्या वेळी टेबलाभोवतीचे चेहरे बघतो, आणि कुणाचं काय चाललंय ते समजायला लागतं.

पाउला बेअरने नाद्या उभी केली आहे ती या मोकळेपणातून. बेअर १९९५ ची, माइन्त्स शहरातली. पेट्झोल्डबरोबर तिने आधी 'ट्रान्झिट' (२०१८) आणि 'उंडीने' (२०२०) केले होते; 'उंडीने'साठी बर्लिनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल तिला मिळालं होतं. त्याआधी बरीच वर्षं पेट्झोल्डची नायिका म्हणजे नीना होस. होस नेहमी काहीतरी लपवून ठेवणारी. 'फिनिक्स'मध्ये (२०१४) तर ती छळछावणीतून परतलेली, चेहरा बदललेली बाई झाली. बेअर लपवत काहीच नाही. समोरच्याने बघण्याची तसदी घेतली नाही म्हणून ती कोडं वाटते.

दुसरा धागा कामाचा. पेट्झोल्डच्या चित्रपटांत माणसं पोटासाठी काय करतात ते नेहमी नीट कळतं. 'येला'मध्ये (२००७) भांडवल गुंतवणाऱ्यांच्या बैठका आहेत, बार्बारा डॉक्टर आहे, उंडीने बर्लिन शहराच्या प्रतिकृतींसमोर उभी राहून पर्यटकांना शहराचा इतिहास सांगते. यामागे त्याची घडण आहे. साहित्याचा अभ्यास झाल्यावर तो बर्लिनच्या चित्रपट अकादमीत शिकला, तिथे हारून फारोकी त्याचा गुरू झाला आणि पुढे २०१४ मध्ये फारोकीचा मृत्यू होईपर्यंत पटकथांमधला भागीदार राहिला. (फारोकीचे वडील भारतीय डॉक्टर होते, विसाच्या दशकात जर्मनीला गेलेले, आपल्याकडच्या चित्रपटप्रेमींना हे क्वचितच ठाऊक असतं.) काम, यंत्र आणि पाहणं हे फारोकीच्या माहितीपटांचे आयुष्यभराचे विषय होते. पेट्झोल्ड, थॉमस आर्स्लान आणि अँगेला शानेलेक या एकाच अकादमीतून आलेल्या तिघांना समीक्षकांनी 'बर्लिन स्कूल' असं नाव दिलं. संथ, काटेकोर दृश्यं, पार्श्वसंगीताचा जवळजवळ अभाव आणि भावनांचं प्रदर्शन टाळणं ही त्या गटाची ओळख. पेट्झोल्ड त्यातला सर्वांत गोष्टीवेल्हाळ.

या नजरेने 'रोटर हिमेल' पाहिला की एक विनोद हळूहळू उलगडतो. घरात प्रत्येक जण काही ना काही करतो आहे. नाद्या आइस्क्रीम विकते, गुलाश रांधते, कपडे वाळत घालते आणि शिवाय संशोधन करते. फेलिक्स छपरावर चढून गळती दुरुस्त करतो आणि मधल्या वेळात छायाचित्रं काढतो. डेविड लोकांचे जीव सांभाळतो. 'काम' हा शब्द मात्र दिवसातून दहा वेळा फक्त लिऑन उच्चारतो. फेलिक्सची छायाचित्रं तर बघण्यासारखी कल्पना आहे. समुद्राकडे बघणारी माणसं तो पाठमोरी टिपतो, मग त्यांचे चेहरे टिपतो. लिऑन या कल्पनेची टवाळी करतो. हेल्मुटला ती लगेच आवडते. समुद्राकडे तोंड करून उभी पाठमोरी माणसं म्हटल्यावर जर्मन प्रेक्षकाला कास्पार डाव्हिड फ्रीडरिश आठवणारच. हा रोमँटिक काळातला चित्रकार याच बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डचा. त्याच्या 'समुद्राकाठचा साधू' या चित्रात अफाट आभाळाखाली पाठमोरी आकृती तेवढी दिसते. फेलिक्स त्या पाठीला वळसा घालून समोर जातो, चेहरा बघतो. लिऑनला जे साधत नाही ते त्याचा मित्र कॅमेरा घेऊन सहज करून टाकतो, आणि आपण फार मोठं काही करतोय असं त्याला वाटतही नाही.

या चित्रपटाची सुरुवात आजारपणात झाली. २०२० च्या वसंतात 'उंडीने'च्या प्रसिद्धीसाठी पेट्झोल्ड आणि बेअर पॅरिसला गेले आणि दोघांनाही करोना झाला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याने फ्रेंच वितरकाने भेट दिलेला एरिक रोमेरच्या चित्रपटांचा संच बघून काढला आणि चेखव वाचला. रोमेर म्हणजे उन्हाळी सुट्टीचा दिग्दर्शक: 'पोलीन ॲट द बीच', 'द ग्रीन रे', 'अ समर्स टेल'. तरुण माणसं समुद्रकाठी येतात, प्रेमाबद्दल अखंड बोलतात आणि बोलण्यात आपलं खरं मन लपवतात. चेखवची 'माडीवाल्या घराची गोष्ट' पेट्झोल्डने आवर्जून सांगितली आहे. तिथे एक रिकामटेकडा चित्रकार खेड्यातल्या एका घरात येतो, दोन बहिणींच्या सहवासात उन्हाळा घालवतो, मोठमोठ्या गप्पा मारतो आणि हाती आलेलं सुख गमावतो. चेखवच्या रिकामटेकड्यांची सवय आपल्या वाचकांना आहेच. आणि सुट्टीवर आलेल्या शहरी तरुणांचं पितळ उघडं पाडणारा भारतीय चित्रपट आठवायचा तर सत्यजित राय यांचा 'अरण्येर दिनरात्रि' (१९७०) आहे. तोही जंगलातच घडतो.

जर्मनांकडे मात्र उन्हाळी चित्रपटांची अशी परंपरा नाही. होती ती एका हुशार सुरुवातीपुरती. 'मेन्शेन आम झोनटाग' हा १९३० चा मूकपट बर्लिनच्या चार-पाच साध्या तरुणांचा तळ्याकाठचा एक रविवार दाखवतो. तो ज्यांनी केला त्यांत रोबेर्ट झिओडमाक, एडगर उल्मर आणि बिली वाइल्डर होते. तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि ही मंडळी देशोधडीला लागून हॉलिवूडला पोचली. पेट्झोल्ड तुटलेला तो धागा हातात घेतो. पण २०२३ चा उन्हाळा १९३० सारखा राहिलेला नाही, आणि रोमेरच्या काळासारखाही नाही.

इथून पुढे चित्रपटाचा शेवट सांगितला आहे. आधी बघायचा असेल तर लेख बाजूला ठेवावा.

उन्हाळ्यातल्या वणव्यांची बातमी एके काळी ग्रीस-पोर्तुगालहून यायची. आता ती पूर्व जर्मनीतूनही येते. ब्रांडेनबुर्ग आणि मेक्लेनबुर्गच्या रेताड जमिनीवर मैलोनमैल एकाच जातीचे पाइन वृक्ष लावलेले आहेत. रेतीत पाणी टिकत नाही, पाइनच्या सुया आणि राळ भडाभडा पेटतात. भरीला जुन्या लष्करी सराव क्षेत्रांत जमिनीत दबलेला दारूगोळा, त्यामुळे अग्निशमन दलाला जवळ जाता येत नाही. २०१९ मध्ये मेक्लेनबुर्गमधल्या ल्युब्थेनजवळ अशाच दारूगोळा पेरलेल्या क्षेत्रात लागलेल्या आगीत हजार हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. 'रोटर हिमेल' याच राज्यात घडतो.

पेट्झोल्ड आगीचा देखावा मांडत नाही. आधी ती ऐकू येते: पाणी टाकणारी हेलिकॉप्टरं वरून जातात. मग रात्री झाडांच्या वर आभाळ तांबूस दिसतं. घरातली मंडळी छपरावर जाऊन बघतात आणि वारा समुद्राकडून वाहतोय, आग इकडे येणार नाही, असा एकमेकांना दिलासा देतात. गुलाश शिजतो, रात्री चमकणाऱ्या फुलाने बॅडमिंटन रंगतं. मधूनच समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा निळा उजेडही येतो. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कधी कधी लाटा अशाच उजळतात; वाचकांपैकी काहींनी ते पाहिलं असेल. आणि मग एके रात्री अंगणात राख पडू लागते. लिऑन जसा नाद्याला बघूनही बघत नाही, तशीच ही सगळी माणसं आगीला बघूनही बघत नाहीत. म्हणून लिऑन हा एकटा बिघडलेला नमुना आहे असं मानून आपल्याला सुटता येत नाही.

त्याच रात्री हेल्मुट कोसळतो. नाद्या त्याला रुग्णालयात नेते. लिऑन भेटायला जातो, पण प्रकाशक कोणत्या विभागात भरती झाला आहे हेही त्याच्या ध्यानात येत नाही. तो कर्करोगाचा विभाग आहे हे नाद्याला दाखवून द्यावं लागतं. दरम्यान फेलिक्स आणि डेविड बंद पडलेली मोटार आणायला ट्रॅक्टर घेऊन जंगलात गेले आहेत. लिऑन त्यांच्या शोधात निघतो तेव्हा भाजलेलं रानडुकराचं पिल्लू त्याच्यासमोर मरतं. दोघं मित्र परत येत नाहीत. त्यांचे देह सापडतात ते एकमेकांच्या मिठीत. पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेल्या जोडप्याची आठवण चित्रपट स्वतःच करून देतो. रोस्सेलिनीच्या 'व्हियाज्जो इन इटालिया'मध्ये (१९५४) इन्ग्रिड बर्गमन आणि जॉर्ज सँडर्स हे दुरावलेलं जोडपं पॉम्पेईत तशाच दोन देहाकृती मातीतून वर येताना बघतं, आणि बर्गमनला ते सहन होत नाही. हाइनेच्या कवितेतली ती जमात आता आपल्या घरातून गेलेली असते.

यानंतर पेट्झोल्ड एक चाल खेळतो. अचानक एक निवेदन सुरू होतं. तोपर्यंत चित्रपटात निवेदक नव्हता. घडलेल्या प्रसंगांचंच ते वर्णन आहे, साधं, नेमकं, 'क्लब सँडविच'मधल्या फुगलेल्या गद्याशी काडीचंही नातं नसलेलं. थोड्या वेळाने कळतं की हा लिऑनच्या नव्या पुस्तकाचा मजकूर आहे आणि आजारी हेल्मुट तो वाचतो आहे. फेलिक्सची छायाचित्रं पुस्तकात आहेत. लिऑनला अखेर दिसायला लागलं आहे, कारण ज्यांच्याकडे बघायचं होतं ती माणसं आता उरलेली नाहीत.

मला हे खटकलं, आणि एकदा खटकल्यावर सहज सुटलं नाही. दोन तरुण प्रेमी जळून मरतात आणि त्यातून तिसऱ्याचं गद्य सुधारतं, हा सौदा फार सोयीचा आहे. समलिंगी प्रेमिकांना कथेत मारून टाकण्याची खोड पाश्चात्त्य चित्रपटांना जुनीच आहे. पेट्झोल्डसारखा जागा दिग्दर्शकही त्यातून सुटत नाही. हेल्मुटच्या आजाराचा भार वर घालायचीही गरज नव्हती. दुःखाची बेरीज वाढवली म्हणून दुःख वाढत नाही.

पण एक गोष्ट दिग्दर्शकाच्या बाजूने सांगायला हवी. पुस्तकाचा उत्सव तो होऊ देत नाही. प्रकाशन नाही, टाळ्या नाहीत, लिऑन आता शहाणा झाला असं कुणी म्हणत नाही. शेवटी रुग्णालयाच्या आवारात नाद्या येते, लिऑनकडे बघते आणि हसते. हे खरोखर घडतं, की हाही पुस्तकाचाच एक परिच्छेद आहे, याबद्दल प्रेक्षकांत मतभेद आहेत. मला दुसरी शक्यता अधिक पटते. पाहणं जमलेला लेखक कल्पनेने हवं ते लिहू शकतो, अगदी स्वतःला मिळालेली क्षमाही. तसं असेल तर चित्रपट लिऑनवरचा संशय अखेरपर्यंत सोडत नाही, आणि ते मला पेट्झोल्डच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. गोष्टीतला सौदा खटकला तरी हा चित्रपट त्याच्या उत्तम कामांत मोडतो.

लांबी १०३ मिनिटं. शक्य असेल तर चांगले हेडफोन लावून बघा, कारण अर्धी आग आवाजात आहे आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून ती हरवते. सुरुवातीला आणि शेवटी वाजणारं गाणं 'वॉलनर्स' या ऑस्ट्रियन चमूचं आहे. वेगळं पार्श्वसंगीत असं फारसं नाहीच. जमल्यास दुसऱ्यांदाही बघा, आणि त्या वेळी लिऑनला सोडून बाकीचे चौघे काय करताहेत याकडे लक्ष द्या. पेट्झोल्डचे आणखी चित्रपट बघायचे असतील तर 'बार्बारा' आणि 'फिनिक्स'पासून सुरुवात करावी. त्याचा यानंतरचा 'मिरुआर नंबर ३' २०२५ मध्ये कान महोत्सवाच्या 'डिरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात दाखवला गेला. त्यात नाद्या झालेली पाउला बेअर, डेविड झालेला एनो ट्रेप्स आणि हेल्मुट झालेला माटियास ब्रांट हे तिघंही पुन्हा एकत्र आहेत.